‘ल’शिवाय मराठी

प्रश्न असा आहे: सारखं येणारं एखादं अक्षर गाळून वाक्यं रचायची, तर मराठीत कोणतं गाळावं? काना-मात्रा मोजायच्या का?

‘अ’च्या वाटेला जाऊ नका. सुटं अक्षर म्हणून तो टाळणं फारच सोपं, आणि व्यंजनात दडलेला अही धरला तर ‘घर’ लिहायचीही चोरी. ‘ह’ गाळला की ‘आहे’, ‘नाही’ जातात. पण ‘असतो’, ‘नसतो’ने निभावतं.

खरी गंमत ‘ल’मध्ये. कारण आपला भूतकाळ ‘ल’वर उभा आहे. हे वाक्य घ्या: ‘आजी पहाटे उठली, तिने चूल पेटवली आणि आम्हाला गोष्ट सांगितली.’ पाच ‘ल’! ते काढून मी लिहिलं: ‘आजी पहाटे उठे, शेगडी पेटवी आणि आम्हांस गोष्ट सांगे.’ (आधी ‘चूल पेटवी’ असंच लिहून मोकळा झालो होतो. चूल नजरेतून सुटलीच.) आता वाचून बघा. एका पहाटेची गोष्ट रोजची झाली आणि ‘आम्हांस’मुळे भाषाही पोथीतली वाटायला लागली. एकदाच घडलेलं सांगायचं तर ‘तेवढ्यात पाऊस येतो’ असा वर्तमानकाळ वापरावा लागतो, नाहीतर ‘होता’चा आधार घ्यावा लागतो. भविष्यकाळात ‘मी जाईन’, ‘आम्ही जाऊ’ एवढेच सुटतात. जाशील, जाल, जाईल, जातील सगळे अडकतात. त्यांच्यासाठी ‘जाणार’ आहे म्हणा.

‘ल्या’, ‘ल्ह’ ही जोडाक्षरंही बाद धरावीत. ‘ळ’ मात्र चालू द्यावा, ते वेगळं अक्षर आहे. काना-मात्रांचं म्हणाल, तर स्वर गाळायचा असेल तेव्हाच त्या मोजाव्यात: ‘आ’ नको म्हटलं की कानाही नको.

हा खेळ आपल्याकडे जुना आहे, फक्त तिथे एक अक्षर न गाळता ओठांनी उच्चारायचा अख्खा वर्गच गाळत. संस्कृत लेखक दंडीच्या ‘दशकुमारचरित’ या कथाग्रंथात मंत्रगुप्त नावाचा कुमार आपली हकिकत ओष्ठ्य वर्णांशिवाय सांगतो, कारण प्रियेच्या दंतक्षतांनी त्याचे ओठ दुखत असतात. नियमाला एवढं रसाळ कारण मी दुसरीकडे वाचलेलं नाही. मराठीत मोरोपंतांनी निरोष्ठ रामायण रचलं. प-फ-ब-भ-म गेले, म्हणजे ‘राम’ हे नावच घेता येत नाही!

सुरुवात करायची तर कालचा दिवस पाच ओळींत ‘ल’शिवाय लिहा. ‘काल’ या शब्दापाशीच अडाल.