हुओ लुओ शिआओ लिंग दान: पहिल्यांदा काढा करताना

चिनी वैद्य चांग शीचुन यांच्या या औषधाच्या कृतीत चारच द्रव्यं: दांग्वी आणि दानशेन ही दोन मुळं, रूशिआंग आणि मोयाओ हे दोन डिंक, मूळ प्रमाण प्रत्येकी 15 ग्रॅम. नवख्याचं गणित चुकतं ते शेवटच्या दोन डिंकांत. रूशिआंग म्हणजे आपल्या साळईच्या डिंकाचा भाऊबंद, मोयाओ म्हणजे हिराबोळ. कच्चे टाकले की मळमळ, उलटी होऊ शकते. मंद आचेवर परता, वरून चकाकी आली की 100 ग्रॅमला 5 मिली व्हिनेगर शिंपडा, पुन्हा परतून पसरून गार करा. उकळताना पुरचुंडीत बांधा, नाहीतर काढा गढूळ आणि भांडं चिकट. लोखंडी पातेलं नको, मातीचं घ्या. जेवणानंतर घ्यायचा. गरोदरपणात किंवा वॉरफॅरिन (रक्त पातळ करणारं औषध) चालू असताना अजिबात नाही. दानशेनमुळे रक्तस्राव वाढू शकतो. मात्रा मात्र वैद्यानेच ठरवावी.