सतराव्या किलोमीटरचं पाणी

(नाशिकच्या एका वाचकाचं पत्र, थोडक्यात : 'ताई, मी क्रीडा आणि प्रवास या विषयांवर लिहिणारी पत्रकार. स्वतः हाफ मॅरेथॉन पळते, वयोगटात पोडियमही मिळतं. संपादक म्हणतात, पळणं आणि बातमीदारी एकत्र नको. घरचे म्हणतात, काहीतरी एक सोड. काय सोडू?')

काही सोडू नकोस. झालं उत्तर. आता मला तुझ्या पत्रातलं जे खटकलं, त्यावर बोलू.

चार पानं लिहिलीस. संपादकांचा खवचटपणा, सासूबाईंचे टोमणे, डिसेंबरच्या थंडीत पहाटे गंगापूर रोडला एकटीनं निघणं, सगळं सविस्तर. आणि तिसऱ्या पानावर कंसात एवढंच : 'घाटातल्या त्या हाफला सतराव्या किलोमीटरला पाणी संपलं होतं, पण मी पुढे होते म्हणून मला मिळालं. आयोजकांनी तिकीट आणि हॉटेल दिलं होतं, मग ते लिहिलं नाही.'

अगं, कंसात?

पहिल्या पंगतीला जेवून उठलेल्याला मठ्ठा कधी संपला ते कळत नाही. तू पावणेदोन तासांत पोचलीस, मेडल घेतलंस, फोटो काढलेस. ज्यांना तीन तास लागतात, ते ऊन चढल्यावरही घाटातच असतात. घाम त्यांचा जास्त वेळ गळतो आणि टेबलावर ग्लास नसतात तेही त्यांच्याच वाट्याला. हे मी तुला सांगायचं? एकवीस किलोमीटर पळणारी तू.

आणि नाशिकात पळण्यावरचं लिखाण लोक मनावर घेतात. सावरपाड्याच्या कविता राऊतनं 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं ब्राँझ आणलं. आपल्याच जिल्ह्यातल्या संजीवनी जाधवनं 2017 मध्ये भुवनेश्वरच्या आशियाई स्पर्धेत 5,000 मीटरचं आणलं. इथली पन्नाशीची बाईसुद्धा बूट घेऊन गोल्फ क्लबला फेऱ्या मारायला लागते, ती उगाच नाही. तुझं 'निसर्गरम्य मार्ग, चोख व्यवस्था' वाचून तीच बाई फी भरते. तू स्वतः पळतेस म्हणून तिचा तुझ्यावर जरा जास्तच विश्वास. पुढच्या वर्षी सतराव्या किलोमीटरला ती असेल.

संपादक खवचट असतीलही. पण तिकीट-हॉटेलचं त्यांना सांगितलंयस का? चार पानांत तसं कुठे दिसलं नाही, म्हणजे नसणारच. मग त्यांच्यावर कसली चिडतेस?

एकच कर. ती बातमी लिही, याच आठवड्यात. शिळी झाली म्हणू नकोस, त्याच घाटात पुन्हा स्पर्धा होणार आहे. निकालाची यादी उघड, अगदी तळापासून वर ये आणि त्यातल्या दोघा-तिघांना गाठ. आयोजकांनाही विचार की किती धावपटूंसाठी किती पाणी ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं छाप. आणि खाली स्वच्छ लिही : लेखिकेचा प्रवास आणि राहण्याचा खर्च आयोजकांनी केला होता. संपादकांना ही ओळ छापून यायच्या आधी, तुझ्या तोंडून कळू दे.

पुढचं आमंत्रण येणार नाही. नको येऊ दे. पदरचे पैसे भरून बिब, म्हणजे छातीवरचा नंबर, घे आणि पळ, टायमिंग तेवढंच लागेल.

छापून आलं की कात्रण पाठव. सासूबाईंवर मला बरंच बोलायचंय, पण ते त्यानंतर.