समलिंगी किंवा पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तीची पहिलीच मुलाखत लिहिताय? एवढं सांभाळा

घाबरू नका, नव्या शब्दांची यादी पाठ करायची गरज नाही. मराठीत खरी गोची क्रियापदाची. आदरार्थी लिहिलं तरी ‘त्या आल्या’ की ‘ते आले’ हे ठरवावंच लागतं. म्हणून बोलणं सुरू होतानाच विचारा, “तुमच्याबद्दल कसं लिहू?” आणि मिळालेलं उत्तर शेवटपर्यंत पाळा. मथळ्यात ‘ती’ आणि चौथ्या ओळीत ‘तो’, हे अजूनही सर्रास छापून येतं.

नवख्यांच्या ठरलेल्या चुका:

- ‘समलिंगी असल्याची कबुली दिली’. कबुली गुन्ह्याची असते. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिलेले नाहीत. साधं ‘सांगितलं’ लिहा.
- सरसकट ‘तृतीयपंथी’. पारलिंगी पुरुषाला (जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेल्या पुरुषाला) तो शब्द सहसा आपला वाटत नाही. विचारून घ्या.
- जुनं नाव आणि शस्त्रक्रियेची चौकशी. स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात मान्य केला, तोही शस्त्रक्रियेची अट न घालता. मग आपण कोण विचारणारे?

बाकीच्या संज्ञांचा कीस नंतर पाडू. आधी मसुदा पाठवा.