शिरोरेघ आड येते तेव्हा

प्रश्न: लाल हीलियम-निऑन लेसर, 500 मिमी नाभीय अंतराची दोन भिंगे आणि होलोग्राफीच्या काचेवर नोंदवलेला फिल्टर वापरून आम्ही अक्षरे ओळखतो. गुजराती अक्षरांवर मांडणी बरी चालली. जुळणारे अक्षर आले की कॅमेऱ्यात ठिपका चमकतो; मराठी 'प'च्या फिल्टरचा ठिपका मात्र 'ग' आणि 'ष'लाही चमकतो. अक्षरे 5 मिमी रुंद, फिल्मवर पारदर्शक. काय करावे?
– बीएस्सीचे विद्यार्थी, वडोदरा

उत्तर: 'ग' आणि 'ष' हे दोन वेगळे दोष आहेत.

'ग'च्या बाबतीत मुख्य अडचण शिरोरेघेची. गुजरातीत ती नसते. मराठीत प्रत्येक अक्षरावर असते, आणि फिल्टर ती इमानाने जुळवतो. कॅमेऱ्यात ठिपका आडवा ओढल्यासारखा दिसला तर हेच कारण समजा. आडव्या रेघेचा प्रकाश पहिल्या भिंगाच्या नाभीप्रतलात, म्हणजे फिल्टर बसतो तिथे, उभ्या पट्ट्यात पसरतो. पट्ट्याची रुंदी तरंगलांबी, नाभीय अंतर आणि रेघेची लांबी यांवरून निघते: 632.8 नॅनोमीटर × 500 मिमी ÷ 5 मिमी, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना सुमारे 0.063 मिमी. मोटर वाइंडिंगची 0.15 मिमीची तांब्याची तार फिल्टरला अगदी चिकटून, पट्ट्याच्या मधल्या तेजस्वी ठिपक्यावरून उभी ताणा, म्हणजे शिरोरेघेचा प्रकाश अडेल. अक्षराच्या उजव्या उभ्या दांडीसाठी आडवी तारही लावू नका. तिच्यासोबत 'प'ची डावी उभी रेघही जाईल आणि ओळखायला फारसे उरणार नाही.

फिल्टर नव्याने नोंदवणार असाल तर तारेहून चांगला उपाय आहे. संदर्भ शलाकेची (नोंदवताना काचेवर थेट टाकलेल्या लेसर शलाकेची) तीव्रता अक्षराच्या प्रकाशाच्या मध्याशी न जुळवता, मध्यापासून दूरच्या फिकट भागाशी जुळवा. मध्यभाग जास्त प्रकाशाने काळा पडतो, तिथे दोन शलाकांच्या व्यतिकरणाचे बारीक पट्टे उमटत नाहीत आणि अक्षराच्या कडांना वजन मिळते.

'ष'वर तार चालणार नाही. 'ष'च्या पोटात अख्खा 'प' आहे, त्यामुळे 'प'चा फिल्टर पूर्ण उजेड देणारच. 'ष'चा दुसरा फिल्टर करा. प्रत्येक फिल्टर स्वतःच्या अक्षराला जो उजेड देतो तो 1 धरा. आधी 'ष'चा फिल्टर पाहा: 1च्या जवळ आला तर अक्षर 'ष'. कमी आला आणि 'प'चा 1 आला, तरच 'प'. यासाठी लेसरचा उजेड स्थिर हवा आणि कॅमेऱ्याचे ऑटो एक्स्पोजर बंद हवे.

स्वतःच्या अक्षरालाही ठिपका मंद असेल तर बहुधा फिल्टरची काच सरकली आहे. वरच्या 0.063 मिमीच्या मानाने ती 0.01 मिमीच्या आत परत बसायला हवी; धुण्यासाठी काढलेली काच हाताने तशी बसत नाही, मायक्रोमीटरचा स्टँड लागतो. अक्षर काही अंश फिरले तरीही ठिपका मंदावतो, म्हणून फिल्मची चौकटही तपासा.