बिघाडाचा इशारा येऊनही वैमानिकाने जवळचा विमानतळ का सोडला?

हायड्रॉलिक म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेतील बिघाडाचा इशारा आल्यानंतरही तुमचे विमान जवळच्या विमानतळावर न उतरवता अर्धा तास पुढे का नेले, असे तुम्ही विचारले आहे. मी पूर्वी प्रवासी विमानांवर सहवैमानिक होतो आणि असाच प्रसंग माझ्यावरही आला होता, म्हणून लिहितो.

इशारा वाजला की सर्वांत आधी विमान कोण उडवणार हे ठरते. कॅप्टन ‘यू हॅव कंट्रोल’ म्हणाले, मी ‘आय हॅव कंट्रोल’ असे उत्तर दिले, आणि त्यानंतर मी फक्त विमान सांभाळले. पडद्यावरच्या सूचना वाचून एकेक कृती करणे हे त्यांचे काम झाले. ही वाटणी कोरडी औपचारिकता वाटेल, परंतु १९७२ मध्ये ईस्टर्न एअरलाइन्सच्या एका विमानात कॉकपिटमधले सगळेच जण चाकांच्या न पेटणाऱ्या दिव्यात गुंतले, ऑटोपायलटने उंची सोडल्याचे वेळेत कोणाच्याही ध्यानात आले नाही आणि ते विमान फ्लोरिडाच्या दलदलीत कोसळले.

आमच्या तीन हायड्रॉलिक यंत्रणांपैकी एक निकामी झाली होती. अशा वेळी विमान हवेत बरे चालते, खरी अडचण जमिनीवर थांबताना येते, कारण पंखांवरचे काही स्पॉयलर (वेग कमी करायला वर उचलल्या जाणाऱ्या पट्ट्या) उघडत नाहीत, फ्लॅप (कमी वेगातही विमान तोलून धरणारे पंखांचे मागचे भाग) सावकाश बाहेर येतात आणि थांबायला लागणारे अंतर वाढते. जवळची धावपट्टी आखूड होती, शिवाय पावसाने ओली. आकडेमोड केल्यावर ती सोडणेच योग्य ठरले. पुढचे चाक वळवण्याची सोयही गेल्यामुळे आम्ही धावपट्टीवरच थांबलो आणि ट्रॅक्टरने विमान ओढून न्यावे लागले.

२०१० मध्ये इंजिन फुटलेले क्वांटासचे ए३८० तर सिंगापूरला परतण्यापूर्वी बराच वेळ हवेतच घिरट्या घालत होते, कारण पन्नासहून अधिक संदेश हाताळून, इतक्या जड विमानाला धावपट्टी पुरेल का, हे आधी पाहायचे होते.

आग किंवा धूर असेल तर मात्र हा हिशेब उलटतो. १९९८ मध्ये स्विसएअरचे विमान कॉकपिटमध्ये पहिला वास आल्यापासून सुमारे २१ मिनिटांत समुद्रात कोसळले. तपासाअंती असेही दिसले की वैमानिक लगेच उतरू लागले असते तरी कॅनडातला हॅलिफॅक्स विमानतळ गाठता आला नसता. म्हणून आग विझल्याची खात्री नसेल, तर तो आखूड, ओला विमानतळच निवडला जातो.