बाटलीवर वय लिहिलेलं नसेल तर ती सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्ट केलेल्या बार्लीची बनलेली व्हिस्की) चांगली आहे की नाही कसं ओळखायचं?

वय नाही म्हणजे कच्ची, असं काही नसतं. स्कॉच, म्हणजे स्कॉटलंडची व्हिस्की, म्हणवून घ्यायला ओकच्या पिंपात किमान 3 वर्षं काढावीच लागतात, आणि वय छापलंच तर बाटलीतल्या सगळ्यात कमी वयाच्या व्हिस्कीचं छापावं लागतं, म्हणजे 20 वर्षांच्या मालात 6 वर्षांची थोडीशी जरी टाकली तरी लेबलवर 6च येणार, मग कंपनी म्हणते जाऊ दे, आकडाच नको (काही जण त्याआड कोवळा माल महाग विकतात, ते पण आहेच).

मी आधी अल्कोहोल 46 टक्के किंवा जास्त आणि नॉन चिल फिल्टर्ड (म्हणजे गार करून गाळलेली नाही) लिहिलंय का बघतो. रंगावर अजिबात जाऊ नका, कॅरमल रंग घालायला परवानगी आहे. ग्लास निमुळत्या तोंडाचा घ्या, तोंड जरा उघडं ठेवून हुंगा. नुसतं स्पिरिट आणि भिजलेल्या धान्याचा वास आला तर कोवळी समजा.

आता स्कॉटलंडच्या आयला बेटावरची आर्डबेग ऊगाडाल बघा, वय नाही, 54.2 टक्के, बर्बन (अमेरिकन व्हिस्की) आणि शेरीच्या (स्पेनची वाइन) पिंपांतली. तशीच घेतली तर जीभ बधिर होते, पण चमचाभर पाणी टाकून 5 मिनिटं थांबलात की धुराच्या मागून मनुका येतात, आणि धूर म्हणजे शेतात कोणीतरी हुरडा भाजतंय असा. गिळल्यावर चव टिकते का बघा, नुसतं कडू लाकूड उरलं तर पैसे गेले.

आणि फरसाण नंतर हां, आधी नाही.