बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षात मैत्रिणीचा प्रोग्रॅम पाहून लिहिला तर ती कॉपी ठरते का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: पहिल्या वर्षाला हजेरी आणि जर्नलचे (म्हणजे प्रात्यक्षिकांच्या वहीचे) नियम किती कडक असतात, मैत्रिणीचा प्रोग्रॅम पाहून लिहिणे कॉपी ठरते का, आणि लॅपटॉप घ्यावाच लागतो का. यातल्या मधल्या प्रश्नावर एका विभागप्रमुखांशी झालेला माझा वाद मी निवृत्त झाले तरी मिटलेला नाही, त्यामुळे उत्तराचा मोठा भाग तिकडेच जाईल.

हजेरीचे थोडक्यात सांगते. ७५ टक्क्यांची अट बहुतेक विद्यापीठांत आहे आणि सत्राच्या शेवटी हजेरी कमी भरलेल्यांची डिफॉल्टर यादी लागते. तासिकांच्या बाबतीत ती यादी पुष्कळदा पालकांचे पत्र किंवा वैद्यकीय दाखला आणून निवळते. प्रात्यक्षिकांच्या बाबतीत मात्र तशी आशा धरू नका. श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला सत्रभरात ३० तास धरलेले असतात, म्हणजे दोन श्रेयांकांची प्रयोगशाळा असेल तर आठवड्याला साधारण चार तास. बुडालेले प्रात्यक्षिक नंतर भरून काढायला तुमच्या बॅचला मोकळा संगणकही मिळत नाही आणि मोकळा शिक्षकही मिळत नाही. जर्नलवर प्रमाणपत्राचे पान सही होऊन आल्याशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देत नाहीत, हेही खरे आहे.

आता कॉपीविषयी. माझ्या वर्गाला माझा नियम असा होता की प्रत्येक प्रोग्रॅमच्या माथ्यावर, आपले नाव आणि हजेरी क्रमांक यांच्याखाली, कमेंटची आणखी एक ओळ लिहायची आणि तीत मदत कोणाची घेतली ते नावानिशी नोंदवायचे. मदत घेतली म्हणून गुण कापले जाणार नाहीत, नाव लपवले असे दिसले तर तो प्रोग्रॅम धरला जाणार नाही, आणि जर्नलवर सही होण्याआधी माझ्यासमोर बसून त्याच प्रोग्रॅममध्ये मी सांगेन तो एक लहानसा बदल करून दाखवावा लागेल, एवढे सत्राच्या पहिल्याच दिवशी सांगितलेले असे. चढता क्रम उतरता कर, एकाऐवजी दोन संख्या घे, लूप शेवटाकडून चालव, असले ते बदल असत. ज्याने पाहून का होईना पण समजून लिहिले आहे, त्याला ते पाच मिनिटांत जमते. ज्याने नुसते उतरवले आहे, तो कर्सर कुठे न्यायचा इथेच अडतो.

एका वर्षी फॅक्टोरियलच्या, म्हणजे १ पासून दिलेल्या संख्येपर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार काढण्याच्या प्रोग्रॅमला निम्म्याहून अधिक वर्गाने मदतीच्या ओळीत एकाच मुलीचे नाव लिहिले. ती तालुक्याच्या गावाहून आलेली, वसतिगृहात राहणारी, वर्गात फारसे न बोलणारी मुलगी होती. आमच्याकडे तेव्हा टर्बो सी होते. बोरलँड कंपनीने १९८७ मध्ये बाजारात आणलेला हा कंपायलर (सी भाषेतला प्रोग्रॅम संगणकाला चालवता येईल अशा रूपात आणणारे सॉफ्टवेअर) आपल्याकडच्या प्रयोगशाळांनी त्यानंतर कित्येक वर्षे सोडला नाही. वर्षानुवर्षे सगळ्या जर्नलांत ५ चा फॅक्टोरियल १२० हे एकच आउटपुट येत असे, कारण ते आधीच्या वर्षीच्या जर्नलातून आलेले असे. या मुलीने ५ ऐवजी ८ देऊन पाहिले आणि तिला उत्तर मिळाले उणे २५२१६. धन संख्यांचा गुणाकार ऋण कसा आला हे तिला कळेना, म्हणून तिने ६ आणि ७ देऊन पाहिले. ७२० आणि ५०४० ही उत्तरे बरोबर आली आणि गडबड ८ पासूनच सुरू होते हे तिच्या ध्यानात आले. टर्बो सीमध्ये इंट, म्हणजे पूर्णांक साठवायचा नेहमीचा प्रकार, १६ बिटांचा असतो, त्यात ३२७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही, आणि ४०३२० साठवायला गेले की त्यातून ६५५३६ वजा होऊन उणे २५२१६ उरतात, हा हिशेब तिने वही-पेन्सिलीने जुळवला आणि वसतिगृहातल्या मुलींना समजावला. त्यांनी तो आपल्या बॅचमधल्या मुलांना सांगितला. त्या वर्षी माझ्याकडे आलेल्या जर्नलांत कोणाचे आउटपुट ८ चे होते, कोणाचे ९ चे, कोणी लाँग इंट हा मोठी संख्या मावणारा प्रकार घेऊन प्रोग्रॅम दुरुस्त केलेला होता, आणि काहींनी कारणही आपल्या मोडक्यातोडक्या शब्दांत लिहिले होते. शिक्षिका म्हणून इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

ही जर्नले सहीसाठी विभागप्रमुखांच्या टेबलावर गेली आणि त्यांना तेच नाव पानापानावर दिसले. त्यांच्या मते ही सामूहिक कॉपी होती आणि विद्यार्थ्यांनी ती लेखी कबूल केलेली होती. ज्यांनी नाव लिहिले त्यांना शून्य द्यावे आणि जिचे नाव लिहिले आहे तिच्या वडिलांना बोलावून घ्यावे, असे त्यांनी सुचवले. मी म्हटले की कॉपीचे नियम परीक्षेसाठी असतात. परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात १९८२ चा कायदा आहे तोही परीक्षांपुरता आहे, आणि सत्रभरातील प्रात्यक्षिक ही परीक्षा नसून सराव आहे. त्यावर ते म्हणाले की मग जर्नलला गुण कशाला देता. हा प्रश्न चांगला होता हे मी मान्य करते, पण त्याचे उत्तर गुण देण्याची पद्धत बदलणे हे होते, मुलीच्या वडिलांना बोलावणे हे नव्हे. वडिलांना बोलावले गेले नाही, एवढे मी पदरात पाडून घेतले. मदतीची ओळ मात्र पुढच्या वर्षापासून विभागाच्या सूचनेने बंद झाली, प्रोग्रॅम हाताने लिहिणे सक्तीचे झाले आणि डावीकडच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने फ्लोचार्ट आला. त्या वर्षीच्या जर्नलांत मदत करणाऱ्या कोणाचेही नाव नव्हते आणि आउटपुट पुन्हा सगळीकडे १२०. विभागप्रमुखांनी बैठकीत सांगितले की कॉपीला आळा बसला.

हार्वर्ड विद्यापीठाच्या सीएस५० या प्राथमिक अभ्यासक्रमातही विद्यार्थ्यांनी एकमेकांना विचारण्यावर सरसकट बंदी नाही. कामाचा गाभा स्वतःचा असावा एवढी अट आहे. मर्यादा ओलांडणाऱ्या विद्यार्थ्याने ७२ तासांच्या आत स्वतःहून सांगितले तर शिक्षा सौम्य होते, अशी सोयही तिथे आहे. हे त्या वेळी मला माहीत असते तर बैठकीत नक्की वाचून दाखवले असते, कारण आमच्याकडे परदेशी विद्यापीठाचे नाव घेतले की माणसे निदान ऐकून तरी घेतात.

तेव्हा तुम्ही मैत्रिणीचा प्रोग्रॅम जरूर पाहा, पण पाहून झाल्यावर तो बंद करा आणि मग लिहा. लिहिल्यावर त्याला असे काही इनपुट द्या की तो मोडेल. आणि कोणी मागितलेले नसले तरी मैत्रिणीचे नाव वर लिहा. शिक्षकांनी हरकत घेतली तर नाव खोडण्याआधी त्यांना कारण विचारा. चॅटजीपीटीसारख्या साधनांकडून प्रोग्रॅम घेतला तर तेही लिहावे असे माझे मत आहे, मात्र पहिल्या सत्रात त्यांच्यापासून दूरच राहावे, कारण मैत्रीण अर्धे सांगून थांबते आणि उरलेले तुम्हाला करावे लागते, तसे ती साधने थांबत नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती ती इथे सांगते. वरील सल्ला सत्रातील कामापुरता आहे. अंतिम प्रात्यक्षिक परीक्षेत शेजारच्या पडद्याकडे पाहिलेत तर ती सरळ कॉपी आहे आणि तिथे नाव लिहून काही उपयोग नाही. शिवाय स्वायत्त महाविद्यालयांचे नियम वेगळे असू शकतात, अंतर्गत आणि बाह्य परीक्षेत बऱ्याच ठिकाणी स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते, आणि ऐंशी मुलांचा वर्ग एकटीने सांभाळणाऱ्या शिक्षिकेला प्रत्येकाला समोर बसवून बदल करायला लावणे शक्य नसते, हेही लक्षात घ्या.

लॅपटॉप पहिल्या सत्रात नसला तरी निभावते. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स नावाचे अ‍ॅप घेऊन त्यात सी कंपायलर टाकता येतो; टाइप करणे त्रासाचे आहे, पण सराव होतो. लॅपटॉप घेतलाच तर त्यात जीसीसी हा मोफत सी कंपायलर टाका. महाविद्यालयात अजून टर्बो सी असेल तर तिथल्या प्रोग्रॅममधली कोनिओची हेडर फाइल आणि पडदा पुसणारी ओळ घरी काढून टाकावी लागेल. घरच्या जीसीसीवर ८ चा फॅक्टोरियल बरोबर येईल, कारण तिथे इंट ३२ बिटांचा असतो. १३ चा काढून पाहा. उत्तर धन येईल, दिसायला अगदी खरे वाटेल, आणि चुकीचे असेल.